वकीलसाहेब, समोरच्या पार्टीची मतं मोजलीत का?

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सतरा वर्षं वकिली करणारे, वय 43, एक वाचक लिहितात. दिवाणी आणि महसुली कामं जास्त, थोडी फौजदारी. वडील एसटीत कंडक्टर होते, घरात राजकारण कुणी केलेलं नाही. मध्यंतरी पीकविम्याच्या प्रश्नावर त्यांनी शेतकऱ्यांचे अर्ज फुकट करून दिले, उपोषणाला बसले, पेपरात फोटो आला, तेव्हापासून एका पक्षाची जिल्ह्यातली मंडळी घरी येऊन बसायला लागली, "2029 ला तुम्हीच, आत्तापासून कामाला लागा" म्हणतात. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. बायकोचं म्हणणं, चांगली चाललेली वकिली घालवू नका. सिनियरचं म्हणणं, कायदा कळणारी माणसं विधानसभेत गेलीच पाहिजेत. ते लिहितात, "मला कायदा कळतो, तालुक्यात नाव आहे, मग मीच मागे का राहू? पण आमदार झालो तर वकिली सोडावी लागणार, आणि पडलो तर घर का ना घाट का अशी गत. काय करू?"

वकीलसाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना हसू आलं, राग मानू नका, कारण पंचवीस वर्षांपूर्वी हेच सगळं मी एका दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. ते पण वकील, मी त्यांच्याकडे ज्युनियर, पुढे ते आमदार झाले आणि मी काळा कोट खुंटीला टांगून त्यांचा पीए झालो. सरकारी भाषेत स्वीय सहायक. नऊ वर्षं केलं ते काम. त्यामुळे मी जे सांगतोय ते अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं पहाटे साडेसहाला अंगणात बसलेल्या लोकांना चहा देताना शिकलेलं आहे.

आधी तुमची एक भीती काढून टाकतो, कारण ती चुकीच्या माहितीवर उभी आहे आणि तुम्ही स्वतः वकील असून चेक केली नाही याचं आश्चर्य वाटलं. आमदार झालं की वकिलीची सनद जाते असं काही नाही. 2018 च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेत हे स्पष्ट केलंय की आमदार-खासदार हे कुणाचे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, त्यामुळे बार कौन्सिलचा तो 49 नंबरचा नियम त्यांना लागत नाही आणि ते वकिली करू शकतात. मंत्री झालात तर गोष्ट वेगळी, पण ती वेळ आली की बघू. तेव्हा "वकिली सोडावी लागेल" हे कायद्याने खरं नाही. व्यवहारात किती जमते हा प्रश्न निराळा, त्यावर पुढे येतो.

उलट जी भीती तुम्हाला वाटायला पाहिजे ती पत्रात कुठेच दिसली नाही.

तुम्ही लिहिता तालुक्यात नाव आहे. असणारच, सतरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. पण तुमची कामं कसली, तर वाटपाचे दावे, बांधाच्या भांडणाचे, रस्त्याच्या केसेस तहसीलदारापुढे, मामलेदार कोर्ट ॲक्टखाली. म्हणजे प्रत्येक फाईलवर दोन नावं. एकाला तुम्ही रस्ता मिळवून दिला म्हणजे दुसऱ्याच्या ऊसातनं बैलगाडी गेली. आणि गंमत अशी की ज्याला रस्ता मिळाला तो दोन वर्षांत विसरतो, त्याला वाटतं माझा हक्कच होता, फी पण दिलीय, पण ज्याच्या ऊसातनं गाडी गेली तो रोज सकाळी शेतात गेला की तुमचं नाव काढतो. आमच्या साहेबांनी पहिल्या निवडणुकीआधी एका रात्री मला बसवलं आणि म्हणाले डायरी काढ. जुन्या डायऱ्या काढल्या आणि गाववार यादी केली, आपला पक्षकार कोण, समोरची पार्टी कोण. एका गावात, मोठं गाव, आमच्या नावावर एकोणीस निकाल होते, जिंकलेले. साहेब खूश. त्या गावात आम्ही तिसऱ्या नंबरला गेलो. समोरच्या पार्टीला भाऊबंद असतात हो, सोयरे असतात, आणि ते सगळे मतदार असतात.

त्यामुळे पहिलं काम हेच करा. पक्षाच्या लोकांना चहा पाजायच्या आधी स्वतःच्या डायऱ्या काढा आणि समोरच्या पार्टीची यादी करा. मग त्यातली पाच-सात घरं निवडून त्यांच्या दारात जा, मतं मागायला नाही, लग्नाला मयतीला दहाव्याला जातो तसं. दारात उभं राहू देतात का बघा. पाणी विचारतात का बघा. तुम्हाला तिथे जायला स्वतःला कसं वाटतं ते तर आधी बघा, कारण आमदार झाल्यावर तुमचे निम्मे पाहुणे हेच असणार आहेत. वकिलाला आपला पक्षकार निवडता येतो, नको असेल तर वकीलपत्र काढून घेता येतं, एनओसी देऊन मोकळं होता येतं. आमदाराच्या अंगणात ज्याने तुम्हाला पाडायला पैसे वाटले तो पण दाखला मागायला येतो आणि त्याला "समोरच्या वकिलाकडे जा" म्हणता येत नाही.

आता दुसरी गोष्ट, कायदा कळतो म्हणून विधानसभेत गेलं पाहिजे. हे ऐकायला छान वाटतं. तुमच्या सिनियरांचा मान राखून सांगतो, त्यांनी कधी आमदाराचा दिवस बघितलेला दिसत नाही. मी एक सांगतो, साधा मंगळवार. सकाळी साडेसहा, अंगणात बारा-पंधरा माणसं. एका वस्तीवरची डीपी जळालीय, आठ दिवस झाले, पिकं करपायला लागलीत, महावितरणवाला फोन उचलत नाही. एक म्हातारी, तिचं संजय गांधी निराधारचं अनुदान दोन महिने जमा नाही. एका पोराला पोलीस भरतीत "बघा काहीतरी" पाहिजे, ते जमणार नसतं हे त्याला, मला आणि साहेबांना तिघांनाही माहीत, तरी लेटरहेडवर शिफारस पाहिजे. एकाचा भाऊ सोलापूरला सिव्हिलमध्ये, आयसीयूत बेड पाहिजे. आणि एक माणूस कोपऱ्यात नुसता बसलेला, सगळे गेल्यावर उठून म्हणाला साहेब पोरीचं लग्न आहे, या. एवढंच काम होतं त्याचं. नऊ वाजता साहेब निघाले, दोन लग्नं, एक मयत, एक साखरपुडा, पंचायत समितीची मीटिंग, रात्री अकराला घरी. त्या दिवसात कायदा किती लागला? महावितरणच्या इंजिनियरला फोनवर जेवढा दम दिला तेवढा.

म्हणजे कायदा कामाला येत नाही असं म्हणत नाही मी, तसं समजू नका. येतो, पण फार थोड्या जागी, आणि त्या जागा ओळखाव्या लागतात. वर्षात तीन अधिवेशनं, त्यातलं हिवाळी नागपूरला. तिथे तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं, लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना, ही खरी हत्यारं. आणि इथे वकिलाचा हात चालतो कारण प्रश्न कसा विचारायचा हे त्याला कळतं. मंत्र्याला "हे खरे आहे काय" असा प्रश्न घातला की उत्तर "होय" किंवा "हे खरे नाही" किंवा "अंशतः खरे आहे" असंच येतं, अगदी उलटतपासासारखं, आणि प्रश्न नीट बांधला नसेल तर "हे खरे नाही" एवढं सांगून मंत्री बसतो. आमचे साहेब यात बाप माणूस होते. बंद पडलेल्या पाणीपुरवठा योजनेवर त्यांनी एक प्रश्न असा बांधला होता की होय म्हटलं तरी विभाग अडकतो आणि नाही म्हटलं तरी अडकतो, चार ओळींसाठी तीन रात्री जागलो आम्ही. पुढे त्याची लक्षवेधी लागायला तीन अधिवेशनं गेली, पण लागली, आणि टाकीत पाणी आलं. मोटार बसवायला आणखी दीड वर्ष, ते सोडा.

विधेयकाचं म्हणाल तर सरकार आणतं ती विधेयकं पास होतात. तुम्ही एकट्याने आणलेलं अशासकीय विधेयक पास होणं फार म्हणजे फार दुर्मिळ. बाबासाहेबांचंच बघा, बॅरिस्टर, त्यांच्याएवढा कायदा कुणाला कळत होता, आणि 1937 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करायचं विधेयक मांडलं, ते विरोधी बाकावर होते. पुढे 1938 च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकले. तरीही खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्याने. बारा वर्षं. तुम्ही दिवाणी वकील आहात, बारा वर्षं चालणारा दावा तुम्हाला नवा नाही, आणि मला विचाराल तर तुमची खरी लायकी ती आहे, कायदा कळतो ही नाही. तारखा घेत बसायची सवय आहे तुम्हाला. राजकारणात आलेले व्यापारी आणि कॉन्ट्रॅक्टर इथेच तुटतात.

आता पक्ष. तुम्ही कुठला ते लिहिलं नाही, बरं केलं. पण एक विचार करा, कोर्टात तुम्ही तुमच्या मताने उभे राहता. सभागृहात व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की मत पक्षाचं. 1985 पासून घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, आहे, व्हिप मोडला किंवा पक्ष सोडला तर आमदारकी जाऊ शकते, निकाल अध्यक्ष देतात, आणि तो कधी देतात यावर काय काय होतं ते 2022 नंतर अख्ख्या महाराष्ट्राने बघितलं. पीकविम्याच्या प्रश्नावर तुम्ही उपोषणाला बसलात, उद्या तुमचंच सरकार असेल आणि विमा कंपनीच्या बाजूने उत्तर देत असेल तर तुम्ही बाकावर गप्प बसाल का? पक्षाच्या मंडळींना हा प्रश्न तोंडावर विचारा. जो "बघू की" म्हणतो तो खरं बोलतोय.

नाव आहे म्हणून निवडून येतो हा समज पण जरा तपासा. उज्ज्वल निकमांएवढं नाव असलेला वकील महाराष्ट्रात दुसरा सांगा, 2024 ला मुंबईत लोकसभेला उभे राहिले आणि पडले. आणि दुसऱ्या टोकाला तुमच्याच जिल्ह्यातले सांगोल्याचे गणपतराव देशमुख, आबासाहेब. ते पण वकीलच. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार, तेही शेकापसारख्या पक्षातून, जिथे सत्ता दिसायची पण हाताला क्वचितच लागायची. पण लोक अकरा आकडा सांगतात आणि मधलं विसरतात. ते 1972 ला पडले होते, 1995 ला परत पडले, आणि दुसऱ्यांदा 192 मतांनी. 192 म्हणजे एका वस्तीची मतं झाली! त्यानंतर चार वर्षं घरात बसले नाहीत, 1999 ला परत आले. विलासराव देशमुखांचं पण तसंच, बाभळगावचे सरपंच इथून सुरुवात, 1995 ला लातूरमधून पडले, 1999 ला मुख्यमंत्री. तेव्हा "पडलो तर घर का ना घाट का" असं जे तुम्ही लिहिलंय, त्यात पडणं हा शेवट धरलाय तुम्ही. पहिल्या अपिलात हरल्यावर पक्षकाराला तुम्ही काय सांगता?

पण हां, त्यासाठी पडल्यावरही घर चाललं पाहिजे. इथे तुमच्या मिसेस बरोबर आहेत, आणि मला वाटतं तुम्ही त्यांचं म्हणणं नुसतं "घाबरते" म्हणून बाजूला ठेवलंय.

पैशाचं स्पष्ट बोलू. अनामत 10 हजार, अनुसूचित जाती-जमातीला 5 हजार, आणि पडलेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशही मिळाली नाहीत तर ती जप्त. ती काही मोठी नाही. खर्चाची मर्यादा 2022 पासून आपल्याकडे विधानसभेला 40 लाख. हे कागदावरचं झालं, प्रत्यक्षातलं मी लिहीत नाही, तुम्ही कोर्टाच्या कँटीनमध्ये ऐकलं असेलच. वेगळं बँक खातं काढायचं, रोजचा हिशोब, निकालानंतर 30 दिवसांत खर्च सादर करायचा, नाही केला तर तीन वर्षांपर्यंत अपात्र होऊ शकता, आणि पडलेले उमेदवार नेमके इथेच हलगर्जी करतात कारण पडल्यावर कोण बिलं जमवत बसतो. पक्ष किती देणार हे आजच विचारा आणि जे सांगतील त्याचा अर्धा आकडा धरा. जमीन विकून निवडणूक लढवायची नाही, हे मात्र मी तुम्हाला हात जोडून सांगतो. आमच्या साहेबांनी दुसऱ्या वेळेला सात एकर विकले होते. निवडून आले. मग पुढची पाच वर्षं ते सात एकर परत कसे येतील हाच विचार डोक्यात, आणि तिथून माणूस बदलला. मी त्याच्यानंतर फार दिवस टिकलो नाही.

वकिली कशी ठेवायची ते सांगतो. आतापासून एक चांगला ज्युनियर भागीदार म्हणून घ्या, नुसता तारखा घेणारा नको, ज्याच्या नावाने पक्षकार येईल असा, आणि वकीलपत्रावर दोघांची नावं टाका. निवडून आलात तर स्वतःच्या मतदारसंघातल्या तहसीलदार-प्रांताधिकाऱ्यांपुढे उभं राहणं बंद. कायदा अडवत नसेल, मी अडवतोय. ज्या तहसीलदाराला तुम्ही सकाळी अनुदानासाठी फोन केला त्याच्यापुढे दुपारी रस्त्याच्या केसमध्ये युक्तिवाद करणार, आणि समोरच्या पार्टीने काय समजायचं? तुमचं उत्पन्नच महसुली कामावर आहे, म्हणजे हा तोटा खरा आहे, तो आत्ताच धरा. हायकोर्टातलं काम हळूहळू वाढवता आलं तर बघा, नाहीतर वर्षाला मोजकी दिवाणी कामं.

सरकारी वकिलांच्या पॅनलवर असाल, एखाद्या महामंडळाचं किंवा सरकारी कंत्राटाचं काही नावावर असेल, तर अर्ज भरायच्या बऱ्याच आधी त्यातून बाहेर पडा. राजस्थानात कांता कथुरिया म्हणून वकील होत्या, एका कामापुरती त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक होती, तेवढ्यावर त्यांची 1967 ची निवड हायकोर्टाने लाभाचं पद, म्हणजे आमदाराला न चालणारं सरकारी पद, म्हणून रद्द केली. सुप्रीम कोर्टात वाचल्या, पण वर्षं गेलीच की. मिसेस झेडपीत आहेत, तर त्यांनी प्रचारात यायचं नाही, स्टेजवर नाही, पत्रकावर नाही, आणि एजंट म्हणून बूथवर तर अजिबात नाही, कार्यकर्ते उत्साहाने "वहिनी चला" म्हणतील तेव्हा तुम्हीच नाही म्हणायचं, कारण नोकरी त्यांची जाऊ शकते. शपथपत्रात, म्हणजे फॉर्म 26 मध्ये, तुमच्याबरोबर त्यांचंही पाच वर्षांचं उत्पन्न आणि मालमत्ता जाहीर होते, ते कुणीही डाउनलोड करून गावात वाटू शकतो. त्यांना हे माहीत आहे का? उपोषणाच्या वेळचा जमावबंदीचा गुन्हा असेल तर तोही त्यात येतो, आणि गुन्ह्यांची जाहिरात पेपरात तीनदा द्यावी लागते. दुसऱ्यांची शपथपत्रं रोज करता, स्वतःचं एकदा आजच कच्चं भरून बघा, रात्री जेवण झाल्यावर, मिसेसना समोर बसवून.

आणखी एक, 2029 ला तुमचा मतदारसंघ आज आहे तसाच असेल असं धरून चालू नका. महिलांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती 2023 ला झालीय, ती जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर लागू व्हायची आहे. ते कधी होतं त्यावर, तुमची चार गावं शेजारच्या तालुक्यात जाऊ शकतात किंवा अख्खी जागा महिलांसाठी राखीव होऊ शकते. पक्षवाले "तुम्हीच" म्हणतात ते आजच्या नकाशावर. जागा महिला झाली की तेच लोक घरी येऊन "वहिनींचं नाव टाकू" म्हणणार आणि तुम्ही हो म्हणून टाकाल, हे पण लिहून ठेवा, म्हणून त्या बाबतीत तुमच्या दोघांचं काय ठरलंय ते आत्ताच बोलून घ्या. त्यांची नोकरी आहे, पेन्शनचा प्रश्न आहे, नुसती सही करायची गोष्ट नाही ती.

मग उभं राहू की नको? मी तुमच्या जागी असतो तर आज हो पण म्हणालो नसतो आणि नाही पण. मध्ये झेडपी किंवा नगरपालिकेची निवडणूक लागली तर ती लढून बघितली असती, नाहीतर नुसतं एक वर्ष दर सोमवारी सकाळी दोन तास घराचं दार उघडं ठेवलं असतं, फी नाही, केस नाही, कुणीही या. अर्ज लिहून द्यायचा, फोन करायचा, कामाचा पाठपुरावा एका वहीत. आमदारकी नसताना तुमचा फोन कोण उचलतं तेही कळेल. बऱ्याच वकिलांना याचा तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो, आणि ते कळायला 40 लाख लागत नाहीत. तुम्हाला कंटाळा आला नाही, उलट सोमवारची वाट बघायला लागलात, तर मग सिनियरांना सांगा तुम्ही बरोबर होता, कारण मात्र वेगळं होतं.

ज्या बाकीच्या वाचकांनी अशीच पत्रं पाठवलीत, एक डॉक्टर आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांनी समोरच्या पार्टीचा भाग सोडून बाकी सगळं स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही. डॉक्टरांची मात्र समोरची पार्टी नसते, त्यांचं त्या बाबतीत बरं आहे.

आणि वकीलसाहेब, मुलगी आज नववीत म्हणजे 2029 ला बारावी होईल. निवडणूक लागेल साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे तिची ॲडमिशन, हॉस्टेल, पहिल्या वर्षाची फी हे सगळं आणि तुमचा प्रचार एकाच तीन-चार महिन्यांत येणार. तिच्या फीचे पैसे आजपासून वेगळ्या एफडीत टाका, मिसेसच्या एकट्याच्या नावावर, आणि पावती तुम्हाला सापडणार नाही अशा जागी ठेवायला सांगा.